मदत हवी आहे: रोमच्या चार दिवसांत पॉम्पेई बसवावं का?

मंडळी, ऑक्टोबरमध्ये मी आणि आई रोमला चाललोय, हातात पूर्ण दिवस चारच. त्यातला एक पॉम्पेईला (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) द्यावा का, यावर आठवडाभर डोकं चालवतेय पण ठरतच नाहीये. फास्ट ट्रेनने नेपल्स सव्वा तासाच्या आसपास, तिथून लोकलने अजून अर्धा-पाऊण तास, वर गाडी बदलायची, म्हणजे जाण्यायेण्यातच चार-पाच तास गेले आणि जागा तर केवढी, ६६ हेक्टर, सावली अगदी कमी. आईचे गुडघे दुखतात आणि तिथले रस्ते म्हणजे मोठाले ओबडधोबड दगड, मध्ये गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, फोटो झूम करकरून बघितलेत मी. पण आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय हो, ते गाडणारा इ.स. ७९ चा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक अजून तोंडपाठ आहे तिला. आता "नाही झालं तरी चालेल गं" म्हणते, तेच जास्त लागतं.

दुसरा पर्याय ऑस्टिया अँटिका, रोमचं जुनं बंदर, लोकलने अर्ध्या तासावर. थिएटर आहे, काळ्या-पांढऱ्या मोझेकच्या फरशा आहेत, सोमवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवायचं. सोय बघितली तर हेच बरं, पण मन पॉम्पेईकडेच ओढतंय.

पॉम्पेईत अँफिथिएटरकडच्या गेटपासून व्हीलचेअरसाठी सोपा केलेला ३ किमीहून मोठा मार्ग आहे, त्यावरून वयस्कर माणसाला घेऊन कोणी गेलंय का? मध्ये बसायला मिळतं का? आणि एक रात्र नेपल्सला काढली तर दमणूक कमी होईल का? प्लीज सांगा, तिकिटं नावानिशी आधी काढायचीयेत.