मदत हवी आहे : लोंढ्याला गाडी अडकली, सोबत सव्वादोन वर्षांची लेक. पुढे जावं की मागे फिरावं?

शहापूरची सून

घाईत लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला. बेळगावहून मडगावला निघालो होतो. गाडी उजाडायच्या आधीपासून लोंढ्याला उभी आहे. पुढे कॅसलरॉक ते कुळे घाटात रुळावर दरड आली म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की भोंग्यावर एक सांगतात, मोबाईलवर दुसरंच दिसतं आणि चहावाल्याचं तिसरंच. आतापर्यंत चहावाल्याचं तेवढं खरं निघालंय.

आम्ही चौघं : मी, हे, सासूबाई आणि लेक. बाणावलीला खोली घेतलीय. पैसे आधीच भरलेत आणि ते परत मिळत नाहीत असं पावतीवर ठळक लिहिलंय. तुम्ही विचाराल, बेळगावचं माणूस गोव्याला रेल्वेनं कशाला जातंय? चोर्ला घाटानं गाडी काढली की दुपारच्या जेवणाला पणजीत. पण लेकीला घाटातली वळणं सोसत नाहीत. आंबोलीला नेलं तेव्हा शिनोळी ओलांडून थोडं पुढे गेलो नाही तोवर पोटातलं सगळं बाहेर. रेल्वेत तिला काही होत नाही. शिवाय सासूबाईंना पावसाळ्यातला दूधसागर डब्यातून बघायचा होता.

आता विचारायचंय ते असं. इथून रामनगर, अनमोड घाट, मोले असं टॅक्सीनं उतरावं का? बाहेर एक जण तयार आहे, त्यानं सांगितलेला आकडा ऐकून हे गप्पच झालेत. की उलट्या गाडीनं बेळगाव गाठावं? रेल्वेचे पैसे मिळतील का? आणि सगळ्यात आधी : घरून आणलेलं दूध संपलंय, लेकीनं सकाळपासून चिरमुरे आणि अर्धं केळं एवढंच खाल्लंय. सासूबाई म्हणतात, उलटीची गोळी अर्धी द्या आणि टॅक्सीत घाला, आमच्या वेळी असंच करायचो. द्यावी का?

लेक मजेत आहे. समोर मालगाडी उभी आहे, तिचे डबे मोजायलीय. 'दोन' नंतर पुन्हा 'एक' येतो, त्यामुळे काम संपत नाही. गोवा तिला नकोच आहे, पैसे अडकलेत ते आमचे.

दोन पोरांचा बाप

सोपं आहे. तीन तासांच्या वर उशीर झाला की पूर्ण पैसे परत मिळतात. टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज, टाका आणि घरी जा.

तिकीटखिडकी

थांबा, तो नियम यांना लागू नाही. तीन तासांची सवलत, गाडी आपल्या स्टेशनात यायलाच तेवढा उशीर असेल आणि आपण चढलोच नाही, तर. तेव्हासुद्धा गाडी तिथून प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरावा लागतो. या ताई बेळगावला चढून लोंढ्यापर्यंत आल्यात.

वाटेत दरड, पूर, अपघात यानं प्रवास तुटला तर हिशेब वेगळा. रेल्वेला पुढे पोचवायची काहीच सोय करता आली नाही तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत मिळतं, लोंढ्यापर्यंतचंही कापत नाहीत. पण रेल्वेनं बस वगैरे दिली आणि तुम्ही ती नाकारली, तर न केलेल्या टप्प्याचेच पैसे मिळतात. म्हणून टॅक्सीवाल्याला हो म्हणायच्या आधी स्टेशनमास्तरांना तोंडावर विचारा : बस लावणार आहात का, कुठपर्यंत? रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावरही विचारून बघा, पण समोरचा माणूस बरा. तिकीट मोबाईलवर काढलंय ना? मग टीडीआरही तिथूनच भरायचा, यादीतलं तुमच्या प्रसंगाला लागू पडणारं कारण निवडून.

मुलांच्या वॉर्डातली

नर्स आहे, मुलांच्या वॉर्डात काम करते. गोळीचं आधी सांगते : नको. उलटीच्या नावाखाली घरोघरी जी औषधं पडून असतात त्यांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, श्वास मंदावू शकतो. तुमची लेक दोनच्या वर आहे, तरी वजन बघून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलीही गोळी अर्धी काय, पावही नको. सासूबाईंना माझं नाव सांगा, मी वाईटपणा घेते. तिच्या डॉक्टरांचा नंबर असेल तर आत्ता फोन लावा.

दूध : टपरीवर मिळेल, पण तुमच्यासमोर उकळी फुटेपर्यंत तापवून घ्या आणि लगेच पाजा. उरलेलं बाटलीत साठवू नका. या दमट हवेत दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं दूध ओतूनच द्यायचं. या वयाला एखादं दूध चुकलं तर बिघडत नाही. इडली किंवा मऊ भात मिळाला तर उत्तम. पाणी मात्र घोट घोट देत राहा. लघवी नेहमीसारखी होतेय ना, डायपर बदलताना बघा. पाच-सहा तास कोरडाच राहिला, तोंड सुकलं, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, तर गोवा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

गाडीनं जायचंच झालं तर घाटाआधी दूध पाजू नका. तासभर आधी थोडं कोरडं खाऊ द्या, मोबाईल हातात देऊ नका, समोरचं लांबचं दिसेल असं बसवा. झोपेच्या वेळेला निघालात तर अर्धा घाट झोपेत जाईल.

खानापुरी

आमच्या गावावरनं गेलासा की! पाऊस इकडं नुसता झोडपायलाय. अनमोडचं म्हणाल तर लोंढ्याहून तोच जवळ, मोल्याला उतरला की फोंडा, मडगाव सरळ. पण दरड रेल्वेलाच गाठते असं थोडंच आहे, डोंगर एकच हाय. त्यातनं तिथं ट्रक. एक बंद पडला की मागं रांग, आणि तिथं पोरीला घेऊन उतरायला जागा नाही. टॅक्सीवाल्याला विचारू नका, तो रस्ता मोकळाच सांगणार. मोल्याकडून आत्ता वर आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा.

दुसरी वाट म्हणजे मागं खानापूर, तिथनं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. ट्रक कमी, पण लांबडा फेरा आणि वळणं तिथंही हाईतच. बाणावली पार दक्षिणेला, म्हणजे साखळीहून पुन्हा अख्खा गोवा ओलांडायचा. मी असतो तर आज खानापूरला उतरलो असतो.

रेल्वेवर फार रागावू नका. कॅसलरॉकच्या पुढं सदतीस फुटांत एक फूट असा उतार, मालगाड्यांना मागनं इंजिनं लावून ढकलतात. असल्या जागी रूळ मोकळा केला तरी तपासल्याशिवाय प्रवासी गाडी सोडत नाहीत, आणि तेच बरं.

निपाणीकर

रस्त्याचं मला फारसं कळत नाही, खोलीबद्दल सांगतो. पैसे परत मागू नका, तारीख बदलून मागा. पावसाळ्यात गोव्यातल्या खोल्या रिकाम्याच असतात, मालकाला पुढची तारीख द्यायला जड जात नाही. फोनवर बोला, पण लगेच मेसेजही टाका, दरडीची बातमी आणि तिकिटाचा फोटो जोडून. खोलीत शिरायची वेळ व्हायच्या आत. ती उलटून गेली की तुम्ही 'आलेच नाहीत' या खात्यात जाता.

आणखी एक. २०२५च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तापलं आणि दोन्हीकडच्या बस सीमेपर्यंतच यायला लागल्या, तेव्हापासून आमच्याकडे लेकराची एक पिशवी कायम भरलेली असते. नाचणी सत्त्व, मेतकूट, दुधाची पावडर, थर्मास, दोन जोड कपडे, जास्तीचे डायपर. आमच्या भागात बस, रेल्वे, रस्ता, कधी काय थांबेल नेम नाही.

शहापूरची सून

सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः गोळीबद्दल. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नर्सबाई म्हणत्यात तर राहू दे." माझं ऐकलं नसतं.

स्टेशनमास्तरांना विचारलं. कुळ्यापर्यंत बस लावतायत, अनमोडनंच. कधी निघेल ते तेही सांगू शकत नाहीत. म्हणजे वळणं चुकत नाहीतच, वर मांडीवर लेक घेऊन भरलेल्या बसमध्ये. पाचच्या आत वय म्हणून तिचं तिकीट नाही, मग वेगळी जागा कोण देणार? ह्यांचं मत जायचं होतं, पैसे भरलेत म्हणून. मी म्हटलं, भरलेले पैसे वसूल करायला लेकीला घाटात घालायची, ह्याला सहल कोण म्हणेल?

परत फिरतोय. खानापूरला माझी मावशी आहे, तिला फोन केला तर तिनं आधी विचारलं, तांदळाची भाकरी करू की भात. खोलीच्या मालकाला मेसेज टाकला. गणपतीनंतरची तारीख देतो म्हणालाय, पण एक रात्र कापणार. घासाघीस चालू आहे.

@तिकीटखिडकी, आम्ही बस नाकारली म्हणजे लोंढ्यापर्यंतचं भाडं गेलं ना? आणि परतीचं तिकीट मडगावहून आहे, रविवारचं. त्याचं काय?

तिकीटखिडकी

हो, तेवढं गेलं. लोंढ्यापर्यंतचं असून असून कितीसं असणार. परतीचं मात्र आपोआप रद्द होत नाही. ती गाडी रविवारी वेळेवर सुटली तर तुम्ही न बसल्याचे पैसे कोणी देणार नाही. आजच रद्द करा, जेवढं आधी तेवढी कपात कमी. फक्त त्याआधी ती गाडी रेल्वेनंच रद्द केलीय का बघून घ्या. केली असेल तर हात लावू नका, मोबाईलवरच्या तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात.

खानापुरी

खानापूरला उतरलात की स्टेशनाबाहेर वडाप (सीटवर भाडं घेणारी जीप) मिळंल, पण पावसात भाडं वाढवून सांगत्यात. मावशींच्या घरातलं कोणतरी न्यायला बोलवा.