मदत हवी आहे: तेरा वर्षांच्या पिचरला ड्रॉप, कर्व्ह, राइज कधी आणि कोणत्या क्रमाने शिकवावेत?

नमस्कार,

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींचे सॉफ्टबॉलचे दोन्ही संघ, चौदा वर्षांखालचा आणि सतरा वर्षांखालचा, माझ्याकडे आहेत. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळले, पण शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी क्षेत्ररक्षणाला. सरळ फास्टबॉल मी नीट शिकवू शकते. त्याच्या पुढचं पिचिंग, म्हणजे शेवटी खाली पडणारा ड्रॉप, बाजूला वळणारा कर्व्ह आणि वर उचलल्यासारखा वाटणारा राइज, मला अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचं आहे.

आठवीतली एक मुलगी आमची मुख्य पिचर आहे. हात लांब, खांदा मोकळा, विंडमिलचा फेरा (हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल सोडणं) एका लयीत. जिल्हा स्तरावर तिच्यासमोर कुणी टिकत नाही. विभागीयला मात्र चांगल्या संघांच्या बॅटर पहिल्या वेळी चुकतात आणि दुसऱ्यांदा बॅटिंगला आल्या की तिचा बॉल बरोबर ओळखतात, कारण प्रत्येक बॉल त्याच वेगाने, त्याच वाटेने येतो. तिलाही ते कळतंय. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून ती कर्व्ह टाकायला लागली आहे. बॉल सोडताना नळाची चावी पिरगाळावी तसं मनगट फिरवते आणि कोपर अंगापासून बाहेर जातं. बॉल वळत तर नाहीच, वर सराव संपला की ती दंडाचा पुढचा भाग चोळत बसते. हे दिसल्यावर मी कर्व्ह पूर्ण बंद केला.

घरच्यांना घाई आहे. राज्य स्पर्धेपर्यंत पोचली तर निवड समिती बघेल, दहावीला सवलतीचे गुण मिळतील, हे सगळं मला समजतं. तिचे वडील खेळावर मनापासून प्रेम करणारे आहेत. ते मला जपानच्या युकिको युएनोचं उदाहरण देतात: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं. खरं आहे. पण तेव्हा युएनो २६ वर्षांची होती, तयार शरीराची. आमची मुलगी १३ वर्षांची आहे, तिची हाडं अजून वाढताहेत. तिचा खांदा सोळाव्या वर्षीही शाबूत असला पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

तर मला हे विचारायचं आहे: फास्टबॉलनंतर पहिलं काय घ्यावं? बॉलला हवी तशी फिरकी मिळते आहे की नाही, हे आमच्यासारख्या शाळेत, कॅमेरा आणि यंत्रांशिवाय, कसं ओळखावं? आणि रोज किती बॉल टाकू द्यावेत? ज्यांनी प्रत्यक्ष पिचिंग केलं किंवा शिकवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद

मॅडम, कर्व्ह बंद केलात हे उत्तम केलंत. मी बरीच वर्षं पिचिंग केलं, आता मुलींना शिकवते.

वळणाऱ्या बॉलच्या आधी चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल, घ्या. तुम्ही लिहिलेला अडथळा मुळात वेगाचा आहे. हाताचा फेरा फास्टबॉलइतकाच जोरात, पण बॉल तळहातात खोलवर धरलेला, म्हणजे बोटांचा झटका बसत नाही आणि बॉल उशिरा पोचतो. मुली हात हळू करून चेंजअप टाकतात, ते बॅटरला लगेच दिसतं. हात हळू झाला की तो बॉल मोजूच नका.

त्यानंतर ड्रॉप, आणि तोही बोटांवरून सोलून निघणारा. चार शिवणींवर पकडलेला फास्टबॉल नीट सुटला तर तो पुढच्या बाजूला, म्हणजे बॅटरच्या दिशेने, गडगडत जातो. ड्रॉपलाही तीच फिरकी लागते, फक्त जास्त. तळहात वर, बोटं बॉलच्या मागून वर निघतात, पाऊल किंचित आखूड, वजन पुढच्या पायावर. वरचा भाग पुढे फिरत असला की हवा बॉलला खाली ढकलते. मनगट वरून पालथं घालून टाकायचा दुसरा ड्रॉपही असतो, पण त्यात कोपरावर ताण येतो. या वयात तो नको.

फिरकी ओळखायला जुन्या बॉलला मधोमध, गोल फिरवून काळी इन्शुलेशन टेप लावा. पट्टी उभी धरून पंधरा फुटांवरून, एक गुडघा टेकून, फक्त मनगटाने टाकायला सांगा. फिरकी बरोबर असेल तर काळी रेघ समोरून स्थिर, उभी दिसते. तिरकी असेल तर रेघ डगमगते, अख्खा बॉल करडा दिसतो. मुलीला स्वतःला कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. रेघ स्थिर राहायला लागली की हळूहळू मागे न्या. पुढे होम प्लेटच्या एक पाऊल अलीकडे दोन काठ्यांना मांडीच्या उंचीवर सुतळी बांधा. बॉल सुतळीवरून गेला पाहिजे आणि कॅचरने तो नडगीपाशी पकडला पाहिजे.

राइज सगळ्यात शेवटी. त्याला उलटी फिरकी लागते, बोटं बॉलच्या खालून कापत जातात, आणि वेग भरपूर हवा. बहुतेक मुलींचा राइज बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी घेतो, म्हणजे बॉल जोरात फिरतो पण वाट बदलत नाही. असा बॉल छातीच्या उंचीवर सरळ येतो आणि बॅटर तो कुंपणाबाहेर मारते. शिवाय १२ इंच घेराचा बॉल छोट्या हातात दोन बोटांवर मावत नाही. हात वाढू द्या.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दंडाच्या पुढच्या भागात दुखणं हलक्यात घेऊ नका. हात खालून येतो म्हणून विंडमिल निरुपद्रवी, असा समज सगळीकडे आहे, आणि तो चुकीचा आहे. फेऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात, हात खाली येऊन बॉल सुटेपर्यंत, दंडाचा पुढचा स्नायू खूप जोरात काम करतो, वरून फेकताना करतो त्याहूनही जास्त. आकड्याच्या मागे लागण्याआधी वही करा: सरावात किती, सामन्यात किती, दुखलं का, कुठे. घरी वडिलांसोबत टाकलेले बॉलही त्यात धरा, बहुतेक वेळा तेच राहून जातात. सलग दोन दिवस जोरात टाकले तर तिसऱ्या दिवशी पिचिंग नाही. दुखत असेल तोपर्यंत अजिबात नाही, आणि आठवड्याभरात थांबलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. संघात दुसरी पिचर तयार करणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. टेपचा बॉल आज केला. तिची रेघ डावीकडे कलते, म्हणजे फास्टबॉललाही मनगट थोडं आडवं जातंय. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. दंड पूर्ण बरा होईपर्यंत तिचं पिचिंग थांबवलं आहे, तोवर ती सातवीतल्या दोघींना पकड आणि पाऊल दाखवते आहे. वही वडिलांकडेच दिली, घरचे बॉल तेच लिहितील. त्यांनी मान्य केलं.

आता एक पुढचा प्रश्न. ड्रॉप जमायला लागला की निम्मे बॉल प्लेटवर टप्पा घेणार. आमची कॅचर टप्पा पडला की मान वळवते आणि ग्लोव्ह बाजूने नेते. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि फर्स्ट बेस रिकामा असला तर बॅटर बाद न होता फर्स्ट बेसकडे पळणारच, म्हणजे चांगला बॉल टाकूनही पिचरच्या पदरी काही नाही. तिला अंगाने बॉल अडवायला शिकवायचं आहे, आणि आमच्याकडे चेस्ट गार्डचा एकच जुना संच आहे. भीती जायला सुरुवात टेनिस बॉलने करावी का? कुणी करून घेतलं असेल तर सांगा.