मदत हवी आहे: नोकिया एन९०० वर मेमो लेस्टे, कार्डवरून बूट होत नाही

नमस्कार मंडळी. नोकिया एन९०० (२००९, रॅम २५६ एमबी) वर मेमो लेस्टे (Maemo Leste, लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टम) चालवायचं आहे. तिची इमेज (अख्खी सिस्टम असलेली फाइल) ८ जीबीच्या मायक्रोएसडीवर लिहिली. बंद फोनचं ‘यू’ बटण दाबून धरत यूएसबी केबल जोडली की फ्लॅशर (संगणकावरून फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) फोन ओळखतो. यू-बूट (सिस्टम सुरू करून देणारा बूटलोडर) फ्लॅश न करता, म्हणजे फोनमध्ये कायमचा न लिहिता, फक्त रॅममध्ये लोड करतोय. फोनची मूळची सिस्टम मेमो ५ शाबूत राहायलाच हवं. मेनू येतो, पण कार्ड सापडत नाही. मागचं झाकण नीट बसवलंय (त्यातल्या चुंबकावरूनच फोनला ते बंद असल्याचं कळतं, उघडं असलं की कार्ड गायब). मेमो ५ मध्ये हेच कार्ड दिसतं. मग दोष कार्डावरच्या पार्टिशनचा (विभागणीचा) की यू-बूटच्या आवृत्तीचा? या फोनचा यूएसबी पोर्ट बोर्डावरून उखडतो, म्हणून केबल सारखी काढ-घाल करायची नाहीये. आधी काय तपासू?