लेस्टर २०१५-१६: मागे बसून काउंटर (झटपट प्रतिहल्ला), पण नेमका कसा?

ऐरोली_सेक्टर८:
मंडळी, मे महिन्यात नेरुळला अकरा-अकराची फुटबॉल स्पर्धा आहे, ३०-३० मिनिटांचे हाफ. पोरांना इंग्लंडच्या लेस्टर सिटीचा ४-४-२ (चार बचावाला, चार मध्ये, दोन स्ट्रायकर) शिकवतोय. मागे बसतो, चेंडू मिळाला की पुढे उडवतो आणि दहा सेकंदांत तो पुन्हा आमच्याच बॉक्ससमोर. लेस्टरकडेही चेंडू कमीच असायचा, तरी ८१ गुण घेऊन प्रीमियर लीग जिंकली, दुसऱ्या आर्सेनलच्या १० पुढे. कुठे बिघडतंय? कोणते सामने दाखवू?

घोडबंदर_४४२:
स्ट्रायकर वार्डीच्या आधी त्याचा जोडीदार ओकाझाकी दाखवा. चेंडू समोरच्या संघाकडे असताना तो खाली येऊन त्यांच्या मिडफिल्डरला चिकटायचा, म्हणजे प्रत्यक्षात ४-४-१-१. चेंडू सुटला की वार्डीच्या मागे, खाली पडणाऱ्या चेंडूसाठी तो हजर. तुमचे दोन्ही स्ट्रायकर बहुतेक एकाच रेषेत उभे असणार, त्यामुळे खाली पडलेला चेंडू उचलायला कोणी नसतं.

दुसरं, चेंडू वार्डीच्या डोक्यावर जात नसे. फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि सेंटर बॅक (मधला बचावपटू) यांच्यामधल्या मोकळ्या जागेत जायचा. २८ नोव्हेंबर २०१५चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल थांबवून-थांबवून दाखवा. युनायटेडचा कॉर्नर. गोलकीपर श्मायकल चेंडू पकडतो आणि लाथ न मारता लगेच हाताने फुलबॅक फुक्सकडे फेकतो. फुक्स धावत पुढे येतो, वार्डी आधीच सुटलेला, एक पास आणि गोल. सलग अकराव्या सामन्यातला गोल होता तो. गोलकीपरने चेंडू धरून दोन सेकंद विचार केला असता तर हे झालंच नसतं. तुमच्या कीपरला फेक शिकवा, अर्धं काम तिथेच होतं.

खारघर_स्टॉपर:
वरचं पटलं, पण ते विजेतेपद बचावावर जिंकलं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहिल्या ७ सामन्यांत १४ गोल खाल्ले, त्यातले ५ एकट्या आर्सेनलचे. त्यानंतर प्रशिक्षक रानिएरीने दोन्ही फुलबॅक बदलले: डे लाएट आणि श्लुप बाहेर, सिम्पसन आणि फुक्स आत. पहिली क्लीन शीट (एकही गोल न खाता सामना) दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पहिल्या १९ सामन्यांत २५ गोल खाल्ले होते, पुढच्या १९ मध्ये फक्त ११. मार्च-एप्रिलमध्ये वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउदम्प्टन असे सलग चार सामने १-० ने काढले.

कारण साधं. फुलबॅक वर पळत नव्हते, चौघे आत सरकून बॉक्सच्या रुंदीत राहायचे. क्रॉस येऊ द्यायचा, ते डोक्याने परतवायला सेंटर बॅक हुथ आणि मॉर्गन होतेच. आत येणारा पास मात्र मधल्या फळीतल्या कान्टे-ड्रिंकवॉटरने तोडायचा. सरावात बचावफळी आणि मधली फळी यांच्यात १०-१२ मीटरपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. ते वाढलं की समोरचा त्याच पट्ट्यात वळतो आणि मग कितीही मागे बसा, उपयोग नाही.

वाशी_टचलाइन:
सराव असा घ्या: अर्ध्या मैदानात ६ बचावाला, ६ हल्ल्याला, शिवाय हाफलाइनवर एक स्ट्रायकर. चेंडू हिसकावल्यावर तीन पासांच्या आत तो स्ट्रायकरकडे पोचला पाहिजे आणि त्याच क्षणी किमान दोघे त्याच्यामागे धावले पाहिजेत. ८-१० फेऱ्या, मग पाणी. मे महिन्यातल्या दमट हवेत पूर्ण ३० मिनिटं प्रेसिंग (चेंडूवाल्यावर धावून दबाव) जमत नाही. विंगर (मधल्या फळीतले कडेचे) आधी दमतात आणि अंतर तिथूनच उसवतं. त्यामुळे पहिले दोन बदली खेळाडू विंगसाठी राखा. सात-सातच्या टर्फवर मात्र हा सराव नको. तिथे बहुतेक ठिकाणी ऑफसाइड नसतो, समोरचा बचाव वर येतच नाही आणि पाठीमागे जागा उरत नाही.

ऐरोली_सेक्टर८:
कीपरची फेक आजपासूनच. एक शंका: आमचा स्ट्रायकर उंच आहे, पण वेगवान नाही. मग?

घोडबंदर_४४२:
मग एप्रिल २०१६चा स्वान्सीविरुद्धचा ४-० बघा. वार्डी निलंबित, त्याच्या जागी उयोआ खेळला आणि दोन गोल केले; पहिला ड्रिंकवॉटरच्या फ्री किकवर हेडर. उंच पोराला पळवू नका, चेंडू त्याच्या छातीवर द्या आणि वेगवान विंगरला त्याच्या बाजूने सोडा. बगलेत फ्री किक मिळाली की घाई नको, सेंटर बॅकनाही वर बोलवा.