६४ स्लाइस सीटीवर उजवी कोरोनरी (हृदयाची रक्तवाहिनी) दुहेरी दिसते, हृदयाचा रेट ७२

सीताबर्डी_टेक:
रोटेशन ०.३५ सेकंद, प्रॉस्पेक्टिव्ह गेटिंग (ईसीजी बघून ठोक्याच्या ठरलेल्या क्षणीच एक्स-रे), ७५ टक्के फेज (ठोक्याचा तेवढा भाग सरल्यावर), पॅडिंग (त्या क्षणाच्या मागेपुढे जादा एक्स-रे) नाही. एलएडी (डावीकडची पुढची कोरोनरी) स्वच्छ आली, पण उजवी कोरोनरी मधल्या भागात दुहेरी. कोरोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या चित्रात) दोन ठिकाणी पायरीही आहे, म्हणजे चित्र तिथं सरकून तुटलंय. मशीनची कुरबुर की तयारीची?

धंतोली_रेडिओ:
भाऊ, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुहेरी कड म्हणजे हालचाल. हाफ स्कॅनला (इथं चित्र तसंच बनतं) अर्धं रोटेशन लागतं, म्हणजे एक चित्र साधारण १७५ मिलिसेकंदांचं. ७२ रेटला ठोका ८३३ मिलिसेकंदांचा. रेट वाढला की डायस्टोलमधला (हृदय सैल पडतं तेव्हाचा) निवांत काळच आधी आक्रसतो आणि उजवी कोरोनरी सगळ्यांत जास्त पळते. सिस्टोलच्या (हृदय आकुंचन पावतं त्या काळाच्या) शेवटी, ३५-४५ टक्क्यांवर, ती बरी दिसली असती. पण पॅडिंग नाही म्हणजे तो डेटा घेतलाच गेला नाही.

पायरीसाठी सॅजिटलमध्ये (बाजूनं दिसणाऱ्या चित्रात) छातीचं मधलं हाड बघा. तेही तुटलेलं दिसलं तर पेशंटनं श्वास सोडला. हाड सरळ आणि फक्त हृदय सरकलेलं, तर ठोक्यांचं अंतर बदललं. डिटेक्टर ४० मिमीचा, हृदय १२-१४ सेंमी. तीन-चार ठोक्यांचे तुकडे जोडायचे आणि मध्ये टेबल सरकायला एकेक ठोका जातो.

सीताबर्डी_टेक:
हाड सरळ आहे. रेट कमी करायची गोळी दिली नव्हती.

मेडिकल_चौक:
मग काहून घाई केली? रेट ६० च्या आसपास आणा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेटोप्रोलोल ५०-१०० मिग्रॅ तोंडावाटे, तासभर आधी. दमा, हार्ट ब्लॉक, कमी बीपी असेल तर नाही. नायट्रोग्लिसरीन (कोरोनरी रुंद करणारं औषध) जिभेखाली अगदी शेवटी, स्कॅनच्या काही मिनिटं आधी. त्यानं रेट थोडा चढतो, तेवढी जागा धरून ठेवा. सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताकदीची) गोळी घेतली का, हे न लाजता विचारा. सकाळचा चहा-कॉफी बंद. तर्री-पोह्यांसोबतचा कपही त्यातच आला.

मे महिन्यात ईसीजीच्या इलेक्ट्रोडखाली घाम असतो. कोरड्या गॉजनं पुसा, केस काढा. हात वर घेतल्यावर ट्रेस पुन्हा तपासा. ईसीजीतली टी लाट ही आर या उंच टोकाएवढी (मशीन ज्यावरून ठोका ओळखतं) उंच असेल तर मशीन तिलाच ट्रिगर समजतं आणि फेज चुकते, लीड बदला.

धंतोली_रेडिओ:
एक भर. श्वास रोखायचा सराव मॉनिटर बघत करा, रेट तेव्हाच बदलतो. एक्टोपिक (मध्येच येणारे अवेळी ठोके) दिसले तर रेट्रोस्पेक्टिव्ह (पूर्ण ठोकाभर एक्स-रे, फेज नंतर निवडायची) घ्या: डोस जास्त, पण नंतर ईसीजी एडिट करून तो ठोका वगळता येतो. तिथं डोस मॉड्युलेशन (ठोक्याच्या काही भागात एक्स-रे कमी करणं) चालू ठेवलंत तर सिस्टोलची चित्रं दाणेदार येतील.