कार्टूनचे 'खऱ्या माणसांचे' सिनेमे हवेत कशाला?

गिरणाकाठची बाई

मी पारोळ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. आनंददायी शनिवारी पोरांना १९९४ च्या 'द लायन किंग'चे तुकडे दाखवले, तो हातानं काढलेला सिनेमा. डिस्ने कंपनी आपले जुने कार्टून सिनेमे खऱ्यासारखे करून पुन्हा काढते; पुढच्या शनिवारी तेच प्रसंग तशा २०१९ च्या सिनेमातले दाखवले. त्यात सिंह थेट जंगलातून उचलून आणल्यासारखे दिसतात. दोन्ही वेळा कोरे कागद वाटले आणि सांगितलं, आवडेल तो प्राणी काढा.

पहिल्या शनिवारी कागद कमी पडले. दुष्ट काकाची काळी आयाळ, डोळ्यावरचा व्रण, वर चढलेली भुवई, सगळं पोरांच्या हातात आपोआप आलं. दुसऱ्या शनिवारी खोडरबरानं कागद फाटले. एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, याचे केसच संपत नाहीत."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. रेषेच्या चित्रात चित्रकारानं आपल्यासाठी निवड करून ठेवलेली असते. रागाला भुवई, भीतीला कान, बाकी सगळं सोडून दिलेलं. पोर ती निवड उचलतं आणि स्वतःची करतं. खऱ्यासारख्या सिंहाला भुवया नसतात. बाप मेल्यावर पिलाच्या तोंडावर काही उमटतच नाही, मांजरीसारखं नुसतं बघत राहतं.

शिवाय लांबण किती! १९८९ ची जलपरी, म्हणजे 'द लिटल मरमेड', ८३ मिनिटांची होती, २०२३ ची १३५ मिनिटांची. 'ब्यूटी अँड द बीस्ट' ८४ वरून १२९ वर गेला. वाढलेल्या वेळात बरंचसं स्पष्टीकरणच आहे. नायिकेची आई कशानं गेली तेसुद्धा दाखवतात. माझी आजी गोष्ट सांगताना राणी प्लेगनं गेली की तापानं, ते कधी सांगायची नाही, आणि आमचं काही अडलं नाही.

चांगल्या कार्टूनला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवापूरची आई

ताई, तुमच्या कागदांचं पटलं. पण एक कागद माझ्याही घरात आहे.

माझी मुलगी सावळी आहे. लग्नाकार्यात "रंग आईवर गेला हो" हे तिनं माझ्यासमोर किती वेळा ऐकलंय, ते मी मोजायचं सोडलं. १९८९ ची जलपरी लाल केसांची, गोरीपान. २०२३ च्या सिनेमात हॅली बेली आली, सावळी, जटांसारखे केस. सिनेमा संपल्यावर मुलीनं वहीच्या मागच्या पानावर जलपरी काढली. रंगपेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला पोरं 'स्किन कलर' म्हणतात. आजवर तिच्या प्रत्येक राजकन्येचा चेहरा त्याच खडूनं भरलेला. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तपकिरी खडू घेतला. झाडाच्या खोडाला वापरायचा खडू तिनं चेहऱ्याला लावला.

सिनेमा लांबला असेल, पाण्याखाली अंधार जास्त असेल, मासे बाजारातल्यासारखे दिसत असतील, सगळं मान्य. त्या एका खडूसाठी मला तो सिनेमा हवा आहे.

धुळ्याचा, सध्या बंगळूर

मॅडम, त्या पोराला सांगा, ते केस खरंच संपत नाहीत. कुणीतरी ते विंचरत बसलेलं असतं. माझं रोजचं काम तेच आहे, संगणकावर प्राण्यांची लव आणि आयाळ बसवणं. मानेवर केस कुठल्या दिशेला पडतील, ओले झाले तर कसे चिकटतील, पाठीवर धूळ किती, यात आठवडे जातात.

२०१९ चा 'लायन किंग' खऱ्या प्राण्यांचा आहे, असं लोक समजतात. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनीच सांगितलंय की त्यात खऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य एकच आहे, सुरुवातीचा सूर्योदय. बाकी सगळं बसून केलेलं. म्हणजे तोही कार्टूनच. त्यांच्याच २०१६ च्या 'जंगल बुक'चं जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभं राहिलं, त्यात खरा म्हणावा असा जवळपास मोगली झालेला नील सेठीच. त्यावरचं काम बंगळुरातही झालंय, आणि त्या सिनेमाला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं.

त्यातलं अस्वल बोलतं तेव्हा डोळे, गाल, ओठ सगळं हलतं. २०१९ ला माहितीपटासारखं दिसायला हवं, असं ठरवलं गेलं, म्हणून चेहरे थिजले. तो निर्णय चुकला असं माझंही मत आहे. पण त्यावरून हातानं काढलेलं तेवढं जिवंत आणि आमचं मेलेलं, असं म्हणू नका. मनाला लागतं.

गिरणाकाठची बाई

दादा, एकच दृश्य खरं, हे मला माहीत नव्हतं. सोमवारी वर्गात सांगते. तुमच्या कष्टाला मी नावं ठेवली नाहीत, तसं वाटलं असेल तर माफ करा. माझं दुखणं इतकंच आहे की ते कष्ट पोराच्या पेन्सिलीत उतरत नाहीत.

अमळनेरचे काका

ताई, तुम्ही जे मूळ म्हणून जपताय ते मूळ आहे कुठे? डॅनिश लेखक अँडरसनची जलपरी १८३७ ची. शेवटी तिचा फेस होतो, राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. १९८९ च्या कार्टूननं तिचं लग्न लावून दिलं, तेव्हा कुणी म्हणालं का हात लावू नका? सिंड्रेलाचा भोपळा फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत आहे, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या गोष्टीत नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं झाड पोरीला कपडे देतं, आणि सावत्र बहिणी बुटासाठी पाय कापून घेतात. गोष्ट म्हटली की ती बदलणारच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात. माझ्या लहानपणी भाऊ बैलगाडीतून न्यायला यायचा, आता गाण्यातला भाऊ मोटरसायकलवर येतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओठी आलेलं मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचे, आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. कागदावर येईपर्यंत शब्द मोकळे असतात. एका वर्षीचं कार्टून शेवटचं समजून कुलूप लावणं मला जमत नाही.

रावेरची केळीवाली

काका, तुमचं सगळं वाचलं, तरी मी बाईंच्या बाजूची.

झोक्यावरचं गाणं बदलतं ते समोरच्या पोरीकडे बघून. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा भाऊ आलाच नाही, हे म्हणणारीला ठाऊक असतं. हे सिनेमे काढणाऱ्यांना तुमचं-माझं पोर दिसतं कुठे? २०१७ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'नं १२० कोटी डॉलरच्या वर कमावले, की लागली रांग. २००२ चा 'लिलो अँड स्टिच' २०२५ ला पुन्हा काढला, तो १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्याच वर्षी 'स्नो व्हाइट' आपटला. १९३७ ला त्याच गोष्टीवर पूर्ण लांबीचा कार्टून सिनेमा काढणं केवढं धाडस होतं! आज त्याच धाडसाची झेरॉक्स काढतात, आणि नव्या गोष्टीला पैसे उरत नाहीत.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. माझ्या मुलाला या राजकन्या दोन-दोन तऱ्हेनं पाठ आहेत. त्याच्या आजीची एकही गोष्ट त्याला येत नाही. ती "एक राजा व्हता" म्हणून सुरू करते, मग थांबते, कारण "मंग काय व्हयनं?" असं विचारायचं असतं हेच त्याला माहीत नाही. पडद्याला हुंकार द्यावा लागत नाही ना.

नवापूरची आई

रावेरताई, आजीची गोष्ट आपण सांगितली नाही, त्याचा दोष सिनेमावर का? आणि आपल्या आज्यांच्या गोष्टीतली राजकन्याही गोरीच असायची. निदान आमच्या घरी तरी. ती बदलायची माझी हिंमत झाली नव्हती, ती एका सिनेमानं केली.

गिरणाकाठची बाई

नवापूरताई, तुमचा खडू वाचून मी काल वर्गातल्या रंगपेट्या उघडून पाहिल्या. तपकिरी खडू सगळ्यांचे जवळजवळ नवे, फिकट गुलाबी झिजून नखाएवढे. त्याबाबत तुमचं म्हणणं मान्य. सिंहाबाबत माझं मत तेच आहे.

धुळ्याच्या दादांना एक विनंती. ती आयाळ विंचरतात कशी, ते पोरांना व्हिडिओ कॉलवर दाखवाल का? शाळेत प्रोजेक्टर आहे.

धुळ्याचा, सध्या बंगळूर

नक्की दाखवतो मॅडम. ऑफिसातल्या फायली बाहेर दाखवता येत नाहीत, पण घरच्या संगणकावर मी एक बोकड करतोय. अजून अर्धाच केसाळ झालाय. शनिवारी साडेआठला चालेल का? केस संपत नाहीत म्हणणाऱ्या त्या पोराला पुढे बसवा.