दातांना तारा कोणत्या वयात लावाव्यात? लेक साडेआठ वर्षांची आहे, सल्ला द्या

परभणीची आई
नमस्कार. लेक तिसरीत आहे. वरचे पुढचे दोन दात पक्के आलेत, पण मधे चांगली फट आहे आणि दोन्ही दात बाहेरच्या बाजूला फाकलेत. वर्गातली पोरं चिडवतात, म्हणून आता हसताना तोंडावर हात धरते. ते बघून जीव तुटतो. एका दवाखान्यात सांगितलं, "आत्ताच तारा लावा, नंतर हाड पक्कं होतं." सासूबाई म्हणतात, दहावी होऊ द्या. कुणाचं ऐकू?

लातूरचा बाबा
ताई, घाईने तारा लावू नका, पण दहावीपर्यंत थांबूही नका. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याची दुधाची दाढ किडली म्हणून काढली. काढणाऱ्यांनी एवढंच सांगितलं की दुधाचीच आहे, पक्की येईल. तिथे जागा राखायची पट्टी बसवावी लागते हे कुणी बोललं नाही. मागची मोठी दाढ हळूहळू पुढे सरकली आणि पक्का दात यायच्या वेळी त्याला जागाच उरली नव्हती. शेवटी तो जिभेच्या बाजूने वाकडा वर आला. आता तो तेरा वर्षांचा आहे, तारा चालू आहेत. दर महिन्याला चक्कर होते आणि यंदा हुरडा नाही, ऊस तर नाहीच. रात्री ब्रश करायला अर्धा तास लागतो, दातांवर चिकटवलेल्या एकेका चौकटीभोवती बारीक ब्रश फिरवावा लागतो. एवढं आठ वर्षांचं लेकरू करणार आहे का, याचाही विचार करा.

दातांचा डॉक्टर, छ. संभाजीनगर
मी तारांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आठ-नऊ वर्षांच्या बऱ्याच लेकरांना अशी फट असते. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतात. तोवर ते हाडात असतात आणि शेजारच्या दातांच्या मुळांवर रेलतात, त्यामुळे दातांची टोकं फाकतात. सुळे खाली आले की फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. तेव्हा निव्वळ फटीसाठी आज तारा लावायचं कारण नाही.

तपासणी मात्र लवकर हवी. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संस्था पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते. तोवर सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात, जबड्यांचा मेळ कळतो. पूर्ण तारा बहुधा अकरा ते चौदाच्या दरम्यान लावतात आणि साधारण दीड-दोन वर्षं चालतात. "हाड पक्कं होतं" ही भीती त्यासाठी घेऊ नका. दात मोठ्या माणसाचेही सरकतात. वयाचं बंधन येतं ते जबड्याच्या वाढीला. खालचा जबडा मागे राहिला असेल तर वयात येतानाच्या वाढीचा जोर वापरायचा असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो, म्हणून मुलीच्या बाबतीत "दहावीनंतर" म्हणजे ती वेळ गेलीच.

काही गोष्टी मात्र सातव्या-आठव्या वर्षीच हाताळायच्या असतात: खालचे दात वरच्यांच्या पुढे बसणं, टाळू अरुंद असणं, पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं. पुढचे दात फारच बाहेर असतील आणि पडून मोडायची भीती असेल, तरी लवकर बघतात. ताई, एक करा. उजेडात बसवून तिला मागचे दात मिटायला सांगा. वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर बसतात का, आणि मिटताना हनुवटी सरळ राहते का, ते बघून सांगा.

नांदेडची मावशी
किनवटकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. माझ्या भाचीच्या दातांवर तपकिरी डाग होते, तिच्या चौकट्या सारख्या निघायच्या. अशा दातांवर चिकटपदार्थ नीट धरत नाही म्हणे. डाग असतील तर डॉक्टरांना आधीच दाखवा.

परभणीची आई
डाग नाहीत, मावशी. डॉक्टर, मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. डावीकडे ठीक आहे. उजवीकडे वरची दाढ खालच्या दाढेच्या आत बसते. पूर्ण मिटताना हनुवटी थोडी उजवीकडे जाते. तीनदा करायला लावलं, तीनदा तसंच. इतकी वर्षं समोर बसून जेवते लेक, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

दातांचा डॉक्टर, छ. संभाजीनगर
हे बाहेरून सहज दिसत नाही, वाईट वाटून घेऊ नका. फोटोवरून किंवा इथे लिहून निदान होत नाही, पण तुम्ही सांगता तसं असेल तर यासाठी थांबू नका. टाळूच्या मधला सांधा या वयात मोकळा असतो. टाळूला बसवायच्या साधनाने वरचा जबडा काही महिन्यांत रुंद करता येतो. मोठेपणी त्यासाठी शस्त्रक्रिया लागू शकते. फट तशीच राहू द्या, ती नंतर बघू.

एमडीएस, ऑर्थोडॉन्टिक्स (म्हणजे तारा आणि जबड्यांच्या कामाचं पदव्युत्तर शिक्षण) झालेल्या डॉक्टरांकडेच जा. खर्चाची अडचण असेल तर इथलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना जुना एक्स-रे असेल तर न्या.

लातूरचा बाबा
लातूरच्या दंत महाविद्यालयातही हा विभाग आहे, परभणीहून रेल्वेने येता येतं. मुक्कामाला आमच्याकडे या. आणि ताई, वर्गशिक्षिकेला चिडवण्याचं सांगा, त्यासाठी कुठल्याच वयाची वाट बघायची नसते.

परभणीची आई
सोमवारी निघते. मॅडमना आजच फोन केला. सासूबाईंना वरचा मजकूर वाचून दाखवला, त्याही सोबत येणार म्हणाल्या.